शेरूची बिस्किटं

मंडईत सध्या गाजरं आणि रताळ्यांचे नुसते ढीग. हलव्यासाठी म्हणून दोन किलो गाजरं आणली, त्यातली दोन परस्पर शेरूच्या खात्यात वळवली.

एक मोठं रताळं उकडून, सोलून कुस्करलं. त्यात किसलेलं गाजर, एक अंडं आणि मावेल तेवढं नाचणीचं पीठ. साखर, मीठ, गूळ काही नाही. इथेच आईचा जीव कासावीस! "अगं, नुसतं सपक कसं खाईल ते लेकरू?" म्हणत तिने मूठभर बेदाणे आणलेसुद्धा. हातच धरला तिचा. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे पटवण्यात पाच मिनिटं गेली आणि तेवढ्यात ओव्हनमधली पहिली खेप करपली. (जाड लाटा बाई, पातळ नको.) दुसरी १६० डिग्रीवर अर्धा तास ठेवली. छान कडक झाली, बोटाने वाजवली की टकटक.

शेरूने पहिलं बिस्किट हुंगलं, माझ्याकडे बघितलं, आणि गॅलरीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं.

बाबांनी मात्र चहात बुडवून दोन खाल्ली. म्हणाले, "मीठ विसरलीस वाटतं."