आमची वाटचाल : कोड घरमालकाचा

माझा मावसभाऊ पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. 2006 साली आम्ही दोघांनी घरगुती अलार्म बसवायचं काम सुरू केलं, तेव्हा भांडवल म्हणजे त्याचा मल्टिमीटर, एक हॅमर ड्रिल आणि माझी एम-80. हात त्याचा. झोनच्या, म्हणजे सेन्सरपर्यंत जाणाऱ्या एका वायरीच्या, टोकाचा 5600 ओहमचा रेझिस्टर तो नेहमी दाराजवळ, मॅग्नेटिक सेन्सरपाशीच जोडायचा. बरेच जण तो पॅनेलच्या, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या मुख्य बोर्डाच्या, डब्यातच अडकवून मोकळे होतात. मग वाटेत कोणी वायर शॉर्ट केली, तर दार सताड उघडं असलं तरी पॅनेल गप्प.

त्याचा दुसरा हट्ट एलसीडी कीपॅडचा, म्हणजे पडद्यावर अक्षरं दाखवणाऱ्या बटणांच्या पाटीचा. गिऱ्हाईक दिव्यांचा स्वस्त कीपॅड मागायचं आणि हा अर्धा तास समजावत बसायचा. आम्ही मुख्यतः डीएससी कंपनीचे पॅनेल लावायचो. त्यात स्टार, सहा आणि मास्टर कोड, म्हणजे घरमालकाचा मुख्य कोड, दाबला की मागच्या नोंदी वाचता येतात : कोणत्या नंबरच्या यूजरने कधी सिस्टिम काढली, म्हणजे कोड दाबून बंद केली, आणि कधी लावली. दिव्यांच्या कीपॅडवर ते दिसत नाही. या हट्टापायी कामं गेली, पण त्यानेच पुढे आम्हाला वाचवलं.

मधली वर्षं बरी गेली. दोन मुलं कामाला ठेवली, गाडी घेतली.

2013च्या दिवाळीत सहकारनगरच्या एका बंगल्यात चोरी झाली. मंडळी मुलीकडे बंगळुरूला गेलेली. सायरन वाजला नाही, कारण सिस्टिम रीतसर कोड दाबून काढलेली होती. आमच्याच भागात काम करणाऱ्या एका फर्मने, नाव घेत नाही, दुसऱ्याच दिवशी सोसायट्यांमधून सांगायला सुरुवात केली की कोड यांच्या पोरांनीच फोडला, यांच्याकडे सगळ्यांचे कोड असतात. खरं तर घरोघरचे कोड वहीत लिहून ठेवायची पद्धत त्यांचीच. 'विसरलात तर फोन करा, आम्ही सांगतो' अशी ते त्याची जाहिरात करायचे आणि लोकांना ती सेवा वाटायची.

महिन्याभरात वार्षिक देखभालीचे करार एकामागून एक गेले. सोनं गहाण टाकून मुलांचे पगार केले. मावसभाऊ बडोद्याला नोकरीला गेला. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती, मी त्याला अडवलं नाही.

बंगल्याच्या मालकांसमोर आणि पोलिसांसमोर मी नोंदी उघडल्या. दुपारी सिस्टिम काढणारा यूजर होता पाच नंबरचा. तो कोड मालकांनी उन्हाळ्यात रंगकाम करणाऱ्याला दिला होता आणि काम संपल्यावर तसाच राहिला होता. वेळ मिनिटापर्यंत बरोबर निघाली, कारण तिथली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी आम्ही वेळेवर बदललेली होती. पुण्यात गुरुवारची वीज जाते. बॅटरी मेलेली असेल तर पॅनेल बंद पडतं आणि घड्याळ चुकतं. चुकलेल्या घड्याळाच्या नोंदी कोण मानणार?

तरीही लोक विश्वास ठेवेनात. तेव्हा उभ्या राहिल्या प्रभात रोडच्या काकू. निवृत्त शिक्षिका, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी आपल्या दिवाणखान्यात शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी बोलावले आणि मला म्हणाल्या, "मला माझा कोड वाचून दाखव बरं."

मी स्टार, पाच दाबलं, मास्टर कोड त्यांनी स्वतः पाठमोरं उभं राहून टाकला. एक नंबरच्या जागेपुढे कोपऱ्यात इंग्रजी पी आला. पी म्हणजे इथे कोड भरलेला आहे. रिकाम्या जागेला तो येत नाही. या यादीत आकडे दिसत नाहीत, मास्टरवाल्यालाही नाहीत. जुना कोड इथे वाचता येत नाही, त्यावर नवा टाकता येतो किंवा स्टार दाबून पुसता येतो, एवढंच. काकू सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, "ह्याला दिसतच नाही, तर हा फोडणार काय?" त्या आठवड्यात दोन्ही सोसायट्यांचे करार परत आले. पुढे काकू वारल्या तेव्हा मी दुकान बंद ठेवलं होतं.

ज्यांच्याकडे कीपॅड आहे त्यांनी एवढं कराच. कामवाल्या मावशींना, ड्रायव्हरला, रंगाऱ्याला वेगवेगळा नंबर द्या आणि कोण कुठल्या नंबरवर आहे ते कागदावर लिहा. नावं लिहा, आकडे नाही. काम संपलं की त्याच संध्याकाळी तो नंबर पुसा. मास्टर 1234 वर ठेवू नका, जन्मसालही नको. जबरदस्तीच्या वेळी दाबायचा वेगळा कोड डीएससीच्या जुन्या पॅनेलांत 33 आणि 34 नंबरवर असतो, पण पॅनेलला बाहेर कळवणारा डायलर जोडलेला नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. विकणाऱ्याला हे आधी विचारा. आणि कीपॅडची बटणं पुसत जा, चारच बटणं मळकी असली की कोड अर्धा उघडाच.

त्या फर्मने बसवलेल्या सिस्टिमवाले आता आमच्याकडे येतात. आम्ही आधी त्यांना त्यांच्या हाताने मास्टर बदलायला लावतो, मग बॅटरीला मीटर लावतो. पुष्कळदा पॅनेलला करंट दिला की त्यातला रिले, म्हणजे छोटा स्विच, भराभर टकटकतो. म्हणजे इन्स्टॉलर लॉक लावून ठेवलंय, दुसऱ्या कोणाला प्रोग्रॅमिंगमध्ये शिरता येऊ नये म्हणून. पैसे घरमालकाने मोजलेले, भिंत त्याची, आणि किल्ली दुसऱ्याकडे. अशा वेळी आम्ही नवा बोर्ड टाकतो. त्याच्या बिलावरून लोक आमच्याशी हुज्जत घालतात. ती ज्याने लॉक लावलं त्याच्याशी घालायला हवी.