फटी मोजत समरकंद

लोक उझबेकिस्तानला जाऊन वर बघतात, निळे घुमट वगैरे, मी आठ दिवस खाली बघत फिरलो. स्केटबोर्ड घेऊन निघालं की हे होतंच. चाकं ५२ मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम लिंबाएवढी, बारीक खडा आडवा आला तरी बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि आपण तेवढे पुढे जातो.

ताश्कंद म्हणजे तर फरश्यांची चंगळ. २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपानंतर सोव्हिएत काळात शहराचा मोठा भाग नव्याने बांधला, त्यामुळे रुंद रस्ते, ऐसपैस चौक, दगडी कट्टे, कारंजी. (शास्त्रीजी गेले ते याच शहरात, त्याच वर्षी ११ जानेवारीला, शाळेत पाठ केलेलं ते ताश्कंद हेच हे मला तिथे पोचल्यावर लक्षात आलं, लाज वाटली थोडी.) कोथरूडच्या पार्किंगमध्ये शिकलेल्या माणसाला एवढी मोकळी फरशी बघून काय करावं सुचेना.

भूकंपाचं स्मारकही बघितलं. काळ्या दगडाचा एक ठोकळा, त्यावर ५:२४ ची वेळ दाखवणारं घड्याळ, ठोकळा मधोमध तडकलेला आणि ती भेग जमिनीवरून नागमोडी निघते ती थेट बाई, पुरुष आणि मूल यांच्या पुतळ्यापर्यंत. आमच्या धंद्यात भेग म्हणजे शत्रू, दिसली की पाय आपोआप आखडतो, इथे ती मुद्दाम कोरलेली. बोर्ड काखेतच ठेवला.

समरकंदला अफ्रोसियोब नावाच्या फास्ट ट्रेनने गेलो, दोन तासांच्या वर थोडा वेळ. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट, तिकीट, बॅग मशीनमध्ये. पोलिसाने बोर्ड उलटा केला, एक चाक बोटाने गर्रकन फिरवलं, थांबेपर्यंत बघत राहिला, मग उरलेली तीनही फिरवली. मागे रांग उभी. रेगिस्तान चौकात मात्र बोर्ड खाली ठेवलाच नाही, म्हणजे समोर १४२० ला पुरा झालेला, तैमूरचा नातू उलुगबेग याचा मदरसा असताना खडखडाट करायचा, एवढा निर्लज्ज अजून झालेलो नाही.

खरी मजा बुखाऱ्याहून परतताना, रात्रीच्या गाडीत. प्लात्सकार्त म्हणजे आपला स्लीपरच, दारं नाहीत, साइड बर्थसुद्धा आहेत. दोन रुळांमधलं अंतर १५२० मिलिमीटर, आपलं १६७६, पण खडक-खडक तीच, आणि डोळे मिटले की वाटायचं फरश्यांच्या फटींवरून बोर्डच चाललाय. तर साइडला खालच्या बर्थचं टेबलच उलटून पलंगाचा मधला भाग होतो, त्यामुळे अंथरूण घातलं की जेवायला टेबल नाही. वरच्या बर्थवाल्या आजींनी इकडे तिकडे बघितलं, माझा बोर्ड उचलला, बर्थवर आम्हा दोघांच्या मधे ठेवला, वर टॉवेल अंथरला आणि त्यावर गोल नान. गाडीने ब्रेक मारला की आमचं टेबल निघालं पुढे. मग ट्रकवाले चाकाखाली दगड लावतात तसे माझे दोन टीशर्ट गुंडाळून लावले. मी नानचा तुकडा तोडून उरलेली उलटी ठेवली तर आजींनी काही न बोलता ती सुलटी केली. तिथे नान पालथी घालत नाहीत. बोलायला आमच्याकडे समान शब्द चार-पाच, त्यातले चाय आणि नान तर समोरच होते.

बोर्डाचा वरचा भाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो, पाय घसरू नये म्हणून. टॉवेल सरकला असणार. घरी येऊन ब्रशने घासलं, धूळ गेली, चहाचा डाग बराचसा गेला, नानवरचे दोन-तीन तीळ मात्र मागच्या पायाच्या जागी असे रुतून बसलेत की निघत नाहीत, आणि वॉचमन काका विचारतात रोज रोज वाकून काय बघतोस रे त्यात.