बाईंची लाल पेन्सिल

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला. इमारत, प्रार्थना, मधल्या सुट्टीतली कचोरी यांवर बाकीचे लिहितीलच. मी जीवशास्त्राच्या बाईंवर लिहिते आहे, आणि तेही दादाची पत्रं समोर ठेवून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, 1986 च्या दहावीचा. जबलपूरला ट्रेनिंग करून फौजेत सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दलात गेला. 2005 साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर काँगोत होता, गोमा शहराच्या आसपास. तो वारला त्याला नऊ वर्षं झाली. काँगोहून आलेली पत्रं अकरा आहेत.

अकरांपैकी एकातही गोळीबार नाही. ते लिहायची मुभाही नसते. आईसाठी प्रकृतीच्या दोन ओळी, आणि मग थेट जनावरं.

बाईंची निरीक्षणवही ज्यांनी भरली, त्यांना रकाने आठवत असतील: कुठे, किती वाजता, किती, काय करत होतं. ‘मला काय वाटलं’ हा पाचवा रकाना आधीचे चार भरल्याशिवाय उघडायचा नाही. ‘सुंदर’ शब्द दिसला की लाल पेन्सिल फिरलीच.

दादाच्या वर्गाच्या वेळी मागच्या मैदानात, हौदापलीकडच्या खडीत टिटवीने अंडी घातली होती. टिटवी ओरडली की घरातलं कोणीतरी जातं, असं म्हणून शिपाईमामा तिला हाकलायला निघाले होते. बाईंनी चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली आणि पाळ्या लावून दिल्या. चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, रंग असा की नजर हलली तर पुन्हा शोधावी लागत. घरटं म्हणजे नुसता खळगा, कडेने खडे आणि बकरीच्या लेंड्या. दादाच्या वहीत आहे: ‘दुपारी 12 ते 1, हौदावर पाच खेपा. पोट भिजवून येते व अंड्यांवर बसते.’ उन्हात अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात, हे त्या वर्गाला पुस्तकाआधी कळलं. अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात. सुतळी तोवर तशीच होती, आणि मैदानातली कबड्डी बंद.

काँगोहून पत्र आलं की मी ते रामबागेत बाईंकडे न्यायची. त्या तेव्हा निवृत्त झालेल्या. पण वाचताना हातात पेन्सिल असायचीच, आणि पत्र परत यायचं ते समासात खुणा घेऊन. आईला ते मुळीच आवडत नसे. फौजीचं पत्र म्हणजे काय सहामाहीचा पेपर आहे? मी त्या खुणा पुढच्या पत्रात दादाला कळवायची.

एका पत्रात तीन शिंगांचा घोयरा सरडा आहे. शिंगं नराला, मादीला नाहीत. दोन डोळे दोन दिशांना फिरतात. गावातली माणसं त्याला घाबरतात आणि हात लावत नाहीत, दादाने मात्र काठीवर चढवून घेतला. समासात लाल अक्षरात: ‘बोटं किती? पुढे-मागे सारखीच?’ महिन्याभराने उत्तर आलं: ‘पाच. पण दोन जुड्यांत. पुढच्या पायाला आत तीन, बाहेर दोन. मागच्या पायाला उलट. बाईंना सांग, म्हणून फांदीवरची पकड सुटत नाही.’

दुसऱ्या पत्रात गोम्याजवळच्या साके गावाच्या रस्त्यालगत, लाव्हाच्या खडकातल्या एका खोलगट जागी पाच बकऱ्या मेलेल्या. अंगावर ओरखडासुद्धा नाही. बाईंनी विचारलं, ‘मग कावळे-गिधाडं का नाहीत?’ दादाने लिहिलं की एक कावळा तिथेच मरून पडला होता. तिकडे त्याला ‘माझुकू’ म्हणतात. ज्वालामुखीच्या भागातल्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वर येतो, हवेपेक्षा जड म्हणून खळग्यात साचतो. वारा पडलेल्या रात्री आणि पहाटे जास्त, ऊन-वारा आला की पांगतो. बकरी चरायला मान खाली घालते आणि तिथेच पडते, उभ्या माणसाला काही कळतही नाही. म्हणून तिकडे खळग्यात तंबू लावायचा नाही, बुटाची नाडी बांधायलाही वाकायचं नाही. जळती काडी खाली नेली आणि विझली, तर मागे फिरायचं.

आणि आणखी एका पत्रातली ती माशी! ओल्या कपड्यांवर अंडी घालते. कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते, गळू येतं, टोकाला श्वास घ्यायचं छिद्र. कच्चं असताना पिळलं तर अळी आत फुटते आणि सूज वाढते. व्हॅसलीनचा जाड थर लावून ठेवायचा, हवा कोंडली की ती वर येते, मग दोन्ही बाजूंनी दाबून काढायची. खरा उपाय इस्त्री. दोरीवरून काढलेला प्रत्येक कपडा, बनियन आणि मोज्यांसकट, शिवणींवर गरम इस्त्री दाबून. या पत्रावर एकही लाल खूण नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि ‘चारही रकाने भरलेत’ एवढंच म्हणाल्या.

बाईही आता नाहीत. दादाची मुलगी महूला पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे, पत्रांची फाइल तिच्याकडे. तिला ‘सुंदर’ लिहायची फार सवय आहे, असो.

मार्चमध्ये सभेला आले तेव्हा मैदान पाहिलं. हौद गेला, खडी गेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. शाळेने पैसे खर्च केले ते चांगल्याच हेतूने, पण एक कोपरा मातीचा ठेवता आला असता. टिटवी मात्र ओरडत होती, वरून. म्हणजे गच्चीवर खडी पडलेली असणार. टाकी धुणाऱ्याला सांगून ठेवा. अंडी उचलू नका, जवळ एक उथळ परात पाण्याची ठेवा. पिल्लं बाहेर आली की त्याच दिवशी चालू लागतात. टिटवी पिल्लांना भरवत नाही, ती स्वतःच टिपून खातात, आणि गच्चीवर टिपायला काही नसतं. मग पन्हाळीतून खाली पडतात. सकाळच्या गारव्यात खोक्यात घालून खाली आणा आणि कडुनिंबापाशी, आईबापांना दिसतील अशी उघड्यावर ठेवून लांब व्हा. ती ओरडत येतीलच. वर जाताना डोक्यावर टोपी असू द्या, झडप घालते.