कॉमन मोड खाली आणला आणि लेन सुधारल्या

चिपमध्ये डेटा आणणाऱ्या सोळा लेनपैकी तीन लेन एक-शून्य ओळखण्यात चुकत होत्या. २.५ गिगाहर्ट्झचं क्लॉक, १.२ व्होल्ट सप्लाय, ६५ नॅनोमीटरची प्रोसेस आणि प्रत्येक लेनच्या तोंडाशी एक सेन्स-अँप्लिफायर फ्लिपफ्लॉप, म्हणजे दोन इनपुटांतला बारीक फरक ओळखून एक की शून्य ठरवणारं सर्किट. चॅनेलमधून झिजत आलेला सिग्नल तिथे पोचेपर्यंत जेमतेम अधिक-उणे १५ मिलिव्होल्ट उरायचा. सिम्युलेशनचा अहवाल मात्र स्वच्छ होता: २०० मिलिव्होल्ट इनपुटला क्लॉक ते क्यू (क्लॉकच्या एजपासून निकाल येईपर्यंतचा वेळ) ६२ पिकोसेकंद, मर्यादा ७५ची.

पहिला संशय वेगावर. इनपुटचा कॉमन मोड, म्हणजे दोन्ही इनपुटांची सरासरी पातळी, चढवला की इनपुट जोडीतून जास्त करंट वाहतो आणि फ्लॉप लवकर निकाल देतो, म्हणून ०.९ व्होल्टचा १.० केला. चुका वाढल्या! मग उलट जाऊन ०.७ला आणला, तर दोन लेन स्वच्छ झाल्या; तिसरीच्या चुका घटल्या, पण गेल्या नाहीत. सर्किट संथ केल्यावर सुधारत असेल, तर दुखणं वेगाचं नाही.

या फ्लॉपमध्ये क्लॉक लो असताना दोन्ही आउटपुट नोड सप्लायपर्यंत प्रीचार्ज होतात. क्लॉक हाय झालं की इनपुट जोडीला जमिनीशी जोडणारा टेल ट्रान्झिस्टर चालू होतो आणि इनपुट जोडी आपापल्या ड्रेनचा नोड खाली ओढू लागते. हे नोड साधारण एक थ्रेशोल्ड व्होल्टेजइतके (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागतं तेवढे) उतरले की वरची क्रॉस-कपल्ड जोडी, म्हणजे एकमेकांच्या आउटपुटवर चालणारे दोन ट्रान्झिस्टर, जागी होते. तोपर्यंत दोन बाजूंत जो फरक साठला असेल तेवढंच इनपुटचं म्हणणं. पुढे ती जोडी ते ताणत नेते. साठवणीच्या या काळातला गेन ढोबळमानाने दुप्पट थ्रेशोल्ड भागिले इनपुट ट्रान्झिस्टरचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गेट ते सोर्स व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितकं वर असेल तेवढं.

आणि तिथेच चूक झाली होती. आधीच्या आवृत्तीत क्लॉक ते क्यू ७३ होतं. त्यातले ११ पिकोसेकंद वाचवायला टेल ४ मायक्रॉनवरून १० मायक्रॉन केला. टेल रुंद झाल्यावर इनपुट जोडीचा सोर्स जमिनीजवळ गेला आणि ओव्हरड्राइव्ह ०.१५ व्होल्टवरून ०.४ झाला. थ्रेशोल्ड ०.४ धरला तर गेन ५.३वरून २वर आला. क्रॉस-कपल्ड जोडीचा मिसमॅच (सारख्या असायला हव्या त्या दोन ट्रान्झिस्टरांतला फरक) इनपुटला दिसतो तो या गेनने भागून. २ बाय ०.०६ मायक्रॉनच्या त्या जोडीचा सिग्मा, म्हणजे या फरकाचं प्रमाण विचलन, सुमारे १० मिलिव्होल्ट. आधी तो इनपुटला २ वाटायचा, आता ५. करंट फॅक्टरचा (त्याच व्होल्टेजला किती करंट वाहतो याचा) मिसमॅच तर ओव्हरड्राइव्हच्याच प्रमाणात वाढतो: ३ टक्के फरकाला आधी सव्वादोन मिलिव्होल्ट, आता ६. इनपुट जोडीचे स्वतःचे ७.१ धरून वर्गांची बेरीज केली की एकूण सिग्मा ७.७वरून १०.६. अशा सिग्माला १५ मिलिव्होल्टच्या पलीकडे सोळांत दोन-तीन लेन पडणारच. कॉमन मोड उतरवल्यावर ओव्हरड्राइव्हही उतरला, म्हणून फरक पडला.

मिसमॅचमुळे निकालाची सीमा शून्यापासून जितकी सरकते तो ऑफसेट. तो १५च्या पुढे गेला की कितीही वेळ द्या, उत्तर चुकीचंच. पण १३ मिलिव्होल्ट ऑफसेटची लेनही सुखी नसते. तिच्या वाट्याला २ मिलिव्होल्ट उरतात. रिजनरेशनचा, म्हणजे क्रॉस-कपल्ड जोडीने फरक ताणण्याचा, टाइम कॉन्स्टंट आमच्याकडे ९ पिकोसेकंद. इनपुट शंभरपट घटलं की ४.६ टाइम कॉन्स्टंट जास्त लागतात, म्हणजे ४१ पिकोसेकंद. ६२चे १०३ झाले आणि पुढच्या लॅचला निकाल १००च्या आत हवा होता. २०० मिलिव्होल्टला मोजलेल्या वेगाची एवढीच किंमत!

तिसऱ्या लेनचं दुखणं शोधायला डिफरन्शियल डीसी हळूहळू सरकवून एक आणि शून्य निम्मेनिम्मे येण्याची जागा मोजली, मात्र आधीच्या बिटानुसार वेगवेगळी. एकानंतर ती १० मिलिव्होल्टवर, शून्यानंतर १८वर. जागा आधीच्या बिटाबरोबर सरकत असेल तर ती स्मृती. एकाच ठिकाणी ठाम असेल तर ऑफसेट. पसरट असेल तर नॉइज. ही चाचणी पहिल्याच तासात करायला हवी होती.

ती लेन क्लॉकच्या साखळीच्या टोकाला होती. ड्यूटी सायकल (क्लॉकच्या हाय आणि लो वेळांचं प्रमाण) बिघडून प्रीचार्जला २०० पिकोसेकंदांऐवजी १४०च मिळत होते. प्रीचार्जचा टाइम कॉन्स्टंट २८, म्हणजे आउटपुट नोडमधला १.२ व्होल्टचा फरक पाच टाइम कॉन्स्टंटमध्ये ८ मिलिव्होल्टपर्यंतच विरायचा. गेन २, म्हणून इनपुटला ४. पूर्ण २०० मिळाले असते तर नोडवर १ मिलिव्होल्टही उरला नसता. क्लॉकवरचं ओझं कमी करायला प्रीचार्ज करणारे पीमॉस ट्रान्झिस्टर बारीक केले होते, तेही याच वेगाच्या नादात.

टेल ५ मायक्रॉनवर आणला, प्रीचार्जचे पीमॉस पूर्ववत केले, क्लॉकची साखळी सरळ केली. इनपुट जोडी ४ची ६ मायक्रॉन केली, सिग्मा ७.१वरून ५.८. मोह १६ मायक्रॉनचा होता, कारण चौपट क्षेत्रफळाला सिग्मा निम्मा होतो, पण तेवढी कपॅसिटन्स चॅनेलवर बसते आणि प्रत्येक क्लॉक एजला ड्रेनची उडी गेटमधून इनपुटवर परत येते. उरलेला ऑफसेट चार बिटांच्या ट्रिमने (ऑफसेटच्या उलट दिशेला पायरीपायरीने सरकवणाऱ्या दुरुस्तीने) काढला: रेंज अधिक-उणे २४, पायरी ३.२ मिलिव्होल्ट.

दोन ड्रेन नोडांना जोडणारा, कायम चालू असलेला बारीक एनमॉस ट्रान्झिस्टर काढून टाकावा असंही एकाने सुचवलं, कारण तो साठलेला फरक थोडा खातो. पण निकाल लागल्यावर, क्लॉक अजून हाय असताना इनपुट पलटलं, तर लो आउटपुटला जमिनीकडे वाट त्याच्यातूनच मिळते. तो नसेल तर क्लॉक संथ आणि चिप गरम असताना लीकेज तो नोड वर चढवतं आणि बिट उलटतं. ठेवला, किमान रुंदीचा.

२०० मिलिव्होल्टला आता क्लॉक ते क्यू ७०, पूर्वीपेक्षा ८ वाईट. १५ मिलिव्होल्टला, ट्रिमनंतर, ९४.