समोर अनोळखी आर्मी आली तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वॉरहॅमर 40,000 हा टेबलावर छोट्या सैनिकांच्या मॉडेलांनी आणि फाशांनी खेळायचा युद्धखेळ; तो नव्यानं खेळू लागलेल्यांचा हा हमखास प्रश्न: समोरच्याची आर्मी कधी पाहिलेली नाही, तिचं कोडेक्स, म्हणजे त्या आर्मीचं नियमपुस्तक, वाचलेलं नाही, तर खेळायचं कसं? उत्तर 2023 च्या दहाव्या आवृत्तीचे नियम आणि 2000 पॉइंटांचा (पॉइंट म्हणजे प्रत्येक युनिटाची ठरलेली किंमत) नेहमीचा सामना धरून देतोय.

आदल्या रात्री अख्खं कोडेक्स पाठ करायला बसू नका. त्यातली बरीच युनिटं, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या मॉडेलांचे गट, टेबलावर येणारच नसतात. मांडणी सुरू होण्याआधी समोरच्याची यादी मागून घ्या. ती दाखवायचीच असते; या खेळात नियम लपवून जिंकण्यात काही मजा नाही. आणि मग नेमकं विचारा. "तुमची आर्मी काय करते?" असं मोघम विचारलंत, तर दहा हजार वर्षांचं पुराण ऐकावं लागेल. त्यापेक्षा असं विचारा: सगळ्यात लांब कोण पोचतं? राखीव कोण आहे, आणि कुठून उतरणार? काय केल्या मरत नाही असं कोण आहे? आणि माझ्या टर्नमध्ये तुम्ही काय काय करू शकता?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बहुतेक सामने तिथेच हातचे जातात. ऑर्क घ्या. त्यांचे साधे सैनिक, बॉइज, 6 इंच चालतात, चार्जच्या (धावून हातघाईला भिडण्याच्या) दोन फाशांची सरासरी 7, आणि शत्रूच्या एका इंचाच्या आत पोचलं की काम झालं. म्हणजे साधारण 14 इंच. तुम्ही 16 इंचांवर निर्धास्त उभे राहता. पण ऑर्कांना सामन्यात एकदा 'वाऽऽघ' पुकारता येतो, आणि तेव्हा ॲडव्हान्स करूनही (एक फासा टाकून तेवढे इंच जास्त चालूनही) चार्ज करता येतो. एक फासा वाढला की सरासरी साडेसतरावर जाते. चार्जचं लक्ष्य 12 इंचांच्या आत लागतं, म्हणून कमाल 6 + 6 + 12, म्हणजे 24. शिवाय तेवढ्या वेळापुरता सगळ्यांना 5+ चा इनव्हल्नरेबल सेव्ह, म्हणजे शस्त्र कितीही भेदक असलं तरी फाशावर 5 किंवा 6 पडला की घाव वाचतो. हा एक नियम ठाऊक असला तर पहिल्या फेरीत महागडी युनिटं मागे राहतात आणि मरायला पुढे एक स्वस्त युनिट उभं राहतं. बॉइज त्याच्यावर तुटून पडले की तुमच्या बंदुकांसमोर उघडे येतात.

राखीव युनिटांचं गणित टेपनं सुटतं. डीप स्ट्राइक करणारं, म्हणजे सामना सुरू असताना थेट टेबलाच्या मध्ये उतरणारं युनिट तुमच्या प्रत्येक मॉडेलपासून 9 इंचांपेक्षा लांबच उतरू शकतं. 32 मिलिमीटर बेसची (पायाखालच्या गोल चकतीची) पाच मॉडेलं दोन-दोन इंच सोडून एका रांगेत लावलीत, तर रांग 14 इंचांची होते. दोन्ही टोकांचे 9-9 इंच धरा, म्हणजे सुमारे 32 इंचांचा पट्टा बंद झाला, तोही पाच प्याद्यांत. नवखे खेळाडू हीच पाच मॉडेलं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी करतात आणि मग पाठीमागे टर्मिनेटर (जड चिलखतातले सैनिक) उतरले म्हणून हळहळतात.

उतरल्याबरोबर चार्ज करायला त्यांना दोन फाशांवर मिळून 9 लागतात. 9 किंवा जास्त 36 पैकी 10 वेळा पडतात, म्हणजे 28 टक्के. एक कमांड पॉइंट खर्चून फासे पुन्हा टाकले तर जवळजवळ 48. आता चौथा प्रश्न का विचारायचा ते कळेल. 'रॅपिड इंग्रेस' हा स्ट्रॅटेजम, म्हणजे कमांड पॉइंट खर्चून वापरायचा डाव, सगळ्यांकडे असतो. तो वापरला की राखीव युनिट तुमच्या मूव्हमेंट फेजच्या शेवटी उतरतं, आणि त्यांच्या टर्नमध्ये आरामात चालून मग चार्ज करतं. 9 चा प्रश्नच मिटला. ओव्हरवॉचचंही तसंच, म्हणजे तुमच्याच टर्नमध्ये तुमच्यावर गोळीबार करायच्या स्ट्रॅटेजमचं. एरवी तो नेम फाशावर फक्त 6 पडला तरच लागतो म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण टोरेंट शस्त्रं (ज्वाला फेकणारी वगैरे) नेमाचा फासा न टाकता आपोआप लागतात. समोर ज्वाला फेकणारं युनिट दिसलं, तर त्याच्याजवळून जाण्याआधी पल्ला विचारून घ्या.

न मरणाऱ्यांबद्दल हिशेबच मांडतो. नेक्रॉन या यंत्रमानवांच्या आर्मीतला नाइटब्रिंगर: टफनेस (चिवटपणा) 11, 12 वूंड (एवढे घाव सोसून मरतो), 4+ इनव्हल्नरेबल, 5+ फील नो पेन (प्रत्येक घाव 5 किंवा 6 वर पुन्हा वाचवण्याची संधी), वर प्रत्येक हल्ल्याचं डॅमेज निम्मं. 3+ वर लागणारी लासकॅनन (चिलखत भेदणारी जड लेझर बंदूक) घेतलीत, तर तो मरायला सरासरी 32 शॉट लागतात. तेवढ्या लासकॅनन कुणाकडेच नसतात. तेव्हा त्याला दर टर्नला एखादं स्वस्त युनिट द्या आणि बाकीच्या आर्मीवर गोळीबार करा. उलट साध्या नेक्रॉन युनिटांवर गोळीबार विखरू नका. त्यांच्या कमांड फेजच्या शेवटी प्रत्येक युनिटाचे डी3 (फाशानं ठरणारे 1 ते 3) वूंड परत येतात, पण समूळ नष्ट झालेलं युनिट उठत नाही. तीन युनिटं अर्धवट मारण्यापेक्षा एक संपवा, मग दुसऱ्याकडे वळा.

शेवटचं, खेळताना हेतू बोलून दाखवा. "हे युनिट तुमच्या चार्जच्या टप्प्याबाहेर राहावं असं मी ठेवतोय, बरोबर ना?" भला खेळाडू तिथेच सांगेल, "नाही, माझ्याकडे दोन इंच वाढवणारा स्ट्रॅटेजम आहे." तुम्ही मॉडेल मागे घ्याल. न बोलता ठेवलंत आणि नंतर वाद घातलात, तर मात्र मागे घेऊ द्यायला तो बांधील नाही.