पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे

आमच्या घरी कॅसेटने भरलेल्या दोन ट्रंका आहेत. आहेत म्हणजे अजून फेकलेल्या नाहीत. फोंडा तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथे फितीची काय कथा. गेल्या वर्षी चतुर्थीच्या साफसफाईत ट्रंका उघडल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येक कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. बाबांनी एक लावून पाहिली. गायक विहिरीत उतरून गात असल्यासारखा आवाज आला. बाबांनी बटण दाबून ती काढली आणि काही न बोलता ट्रंक बंद केली.

बाबा गावच्या नाटकांना पायपेटी वाजवायचे. जत्रेतले नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचे आणि उजाडता उजाडता संपायचे. तेवढा वेळ पाय हलवत बसणारा माणूस आता दुपारी रेडिओपाशी बसतो. आकाशवाणीची केंद्रे इंटरनेटवर ऐकायला मिळतात हे मी त्यांना दाखवले आणि तिथेच फसले. कारण पुढचा प्रश्न लगेच आला: "हें दवरूंक जाता गो?" ठेवता येईल का?

मी ग्रंथपाल आहे. ठेवणे हाच माझा धंदा. मला वाटले, आठवड्याचे काम.

पहिला प्रयत्न सांगायलाही लाज वाटते. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उतरवले, लाल बटण दाबले, तासाभराने ऐकले. नाट्यगीताबरोबर पंख्याची घरघर, कावळे आणि अंतऱ्याच्या ऐन मध्यावर पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों. लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज मी लॅपटॉपच्याच मायक्रोफोनने परत आत घेत होते. बाबांना मात्र ते रेकॉर्डिंग बरे वाटले. म्हणाले, जुन्या नाटकात असेच असायचे.

बाहेर न जाता आवाज आतल्या आत पकडायचा तर विंडोजवर ऑडॅसिटीत 'वासापी' हा मार्ग निवडावा लागतो आणि रेकॉर्डिंगच्या यादीतून 'लूपबॅक' असे लिहिलेला स्पीकर. संगणक स्पीकरकडे जे पाठवतो, तेच थेट फायलीत उतरते. पंखा नाही, पदेर नाही. पण संगणक स्पीकरकडे जे जे पाठवतो ते सगळेच. मेसेज आल्याची टिंग त्यात आली. बाबांनी कान टवकारले: "हें कितें गो, मदींच घांट वाजता?" तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या वेळी बाकी सगळे बंद ठेवायचे आणि सूचनांचे आवाज मिटवायचे, हा नियम झाला. आवाजाची पट्टीही थोडी खाली धरायची. शिखरे उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिली तर तार सप्तकातली तान फाटत नाही. एकदा फाटली की मागाहून दुरुस्त होत नाही.

लूपबॅकची आणखी एक खोड उशिरा कळली. आवाज वाहत असेल तोवरच रेकॉर्डिंग पुढे सरकते. प्रवाह थांबला तर शांतता रेकॉर्ड होत नाही, घड्याळच थांबते. आमच्याकडे जूनमध्ये करंट दिवसातून तीनदा जातो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहायचा, पण राउटर मरायचा. परत आल्यावर पुढचा भाग मागच्याला शिवला जायचा. एका पदाचा मुखडा थेट दुसऱ्याच गायकाच्या तानेला जोडलेला, मधे टाचणीएवढी फट नाही. ऐकताना वाटायचे, गायकाला काहीतरी झाले.

पण ज्या चुकीने माझी खरी फजिती केली ती माझी एकटीची होती. रेडिओच्या रेकॉर्डिंगचा नमुना-दर ४४,१०० हर्ट्झ होता, म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजण्या. ट्रॅकच्या मेनूत मला ४८,००० असा पर्याय दिसला. मोठा आकडा म्हणजे चांगला दर्जा, अशा बाजारी तर्काने मी तो निवडला आणि डझनभर फायली तशाच काढून बाबांना दिल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा त्यातले एक पद लावून हातपेटी मांडीवर घेऊन बसलेले. काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, दाबली, मान हलवली. पांढरी दोन. नाही. काळी दोन. तीही नाही. "बाय, हो सूर खंयच बसना." मी म्हटले, पेटी उतरली असेल. बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प झाले. गायक काळी एकवर गात असे, हे त्यांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होते. आता तो पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी होता, जिथे पेटीला पट्टीच नाही.

झाले होते असे: ट्रॅकच्या मेनूतला दर बदलला की ऑडॅसिटी मोजण्या नव्याने करत नाही. त्याच मोजण्या जास्त वेगाने वाजवते. ४४,१०० ऐवजी सेकंदाला ४८,००० वाजल्या तर वेग जवळजवळ ९ टक्के वाढतो, सूर सुमारे दीड पट्टी वर चढतो आणि तासाचा कार्यक्रम ५५ मिनिटांत आटोपतो. दर खरोखर बदलायचा तर 'रीसँपल' ही वेगळी आज्ञा आहे. आणि तीही इथे निरुपयोगी, कारण जे मूळ प्रवाहातच नाही ते मोठ्या आकड्याने येणार कुठून? डझनभर फायली पुसल्या.

त्या निमित्ताने आकारांचाही हिशेब केला. ऑडॅसिटी मूळ सेटिंगवर ३२ बिटांत काम करते. दोन चॅनेलचा एक तास म्हणजे सव्वा जीबीच्या वर. साधी १६ बिटांची वेव्ह फाईल केली तर तासाला सुमारे ६३५ एमबी. तोच तास १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये ५७.६ एमबी. मी आधी हट्टाने सगळे फ्लॅक या काहीही न कापणाऱ्या फाईलप्रकारात ठेवत होते, काही गमवायला नको म्हणून. पण रेडिओचा प्रवाह मुळातच दाबून, कापून पाठवलेला असतो. त्याला फ्लॅकमध्ये ठेवणे म्हणजे झेरॉक्सला सोनेरी चौकट.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने हे पाहिले आणि विचारले, "ताई, वाजवून कशाला रेकॉर्ड करतेस?" त्याचे म्हणणे, प्रवाह म्हणजे काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांची यादीच असते, ते तुकडे जसेच्या तसे उतरवून एकापुढे एक ठेवायचे. एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम हे करतो. त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. 'कॉपी' असे सांगितले की तो काही उलगडत नाही, पुन्हा दाबत नाही, जे आले ते ठेवतो. दर्जा मूळचा, आकार मूळचा, टिंग नाही आणि स्पीकर बंद ठेवून मला माझे काम करता येते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये वेळ घातली की मी कॉलेजात असले तरी चालते. राउटरला एक छोटा इन्व्हर्टर लावला. रेकॉर्डिंगचे प्रकरण इथे खरे म्हणजे संपले.

कायद्याचे एका ओळीत सांगते, कारण भावाने विचारलेच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ३९वे कलम प्रसारणाचे स्वतःच्या खासगी वापरासाठी ध्वनिमुद्रण करायला मोकळीक देते. खासगी म्हणजे खासगी. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाही, यावरून एका मावशीशी अबोला झाला आहे. पैसे भरून ऐकायच्या सेवांच्या वाटेला मी गेले नाही. त्यांची उतरवलेली गाणी कुलूपबंद असतात, त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात आणि कुलूप तोडणे हा वेगळा मामला आहे.

मग राहिले लावून ठेवणे. माझा धंदा.

तासाची फाईल ऑडॅसिटीत उघडायची, ऐकता ऐकता प्रत्येक पदाच्या सुरुवातीला कंट्रोल आणि एम दाबून लेबल लावायचे, शेवटी लेबलांप्रमाणे वेगळ्या फायली एका दमात काढायच्या. हे सोपे. सुरुवातीला मी निवेदिकेचे बोलणे काटेकोरपणे छाटत होते. वीसेक पदे झाल्यावर लक्षात आले की कोण गातेय, नाटक कोणते, संगीत कोणाचे, हे सांगणारी तीच एक होती. पुस्तक ठेवून मी मुखपृष्ठ फाडत होते. आता निवेदन पदाच्या शेवटी चिकटवते. बाबा ते तेवढ्याच भक्तिभावाने ऐकतात.

नावे भरायला दोन साधने वापरली. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आवाजाचा ठसा घेऊन मोठ्या सामायिक यादीत जुळणी शोधते. ध्वनिमुद्रिकेवर निघालेली थोडी गाणी त्याने ओळखली, पण नावे रोमन लिपीत दिली. रेडिओच्या स्टुडिओत गायलेल्या पदाचा ठसा त्या यादीत असणार कसा? ती सगळी एमपी३टॅगमध्ये हाताने भरली. अल्बमच्या जागी नाटक, कंपोझरच्या जागी संगीतकार, राग आणि पट्टी टिपणीत.

आणि मग जितेंद्र अभिषेकींनी मला अडवले. आमचेच, मंगेशीचे. माझ्या यादीत ते चार झाले होते: जितेंद्र, जितेन्द्र, पं. जितेंद्र, पंडित जितेंद्र. अनुस्वार आणि अर्धा न आपल्या डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळी अक्षरे. दीनानाथ मंगेशकर निम्मे 'मास्टर'खाली लागले, निम्मे पहिली वेलांटी ऱ्हस्व करून. केसरबाई केरकर 'सुरश्री'खाली. त्यांचा आवाज १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून अंतराळात गेला, आणि नासाच्या यादीतसुद्धा नाव 'सुरश्री केसर बाई' असे तोडून लिहिले आहे. तेव्हा जरा धीर आला.

ग्रंथालयात आम्ही यासाठी प्रमाण-नामसूची ठेवतो: एका माणसाचे एकच रूप, बाकी सगळी त्याकडे बोट दाखवणारी. हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगते आणि घरी दोनशे फायली झाल्यावर मला आठवले. एक तक्ता केला, पदव्या काढून टाकल्या, अनुस्वार ठरवला आणि तीन रविवार घालवले.

यातले बाबांना काहीच दिसत नाही. त्यांच्या पेनड्राइव्ह लावायच्या स्पीकरला पडदाच नाही. गाडीच्या डेकला आहे, पण देवनागरीच्या जागी चौकोन येतात. शिवाय स्पीकर गाणी नावाच्या क्रमाने नाही, कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतो. म्हणून बाबांसाठी मी फायली एकेक करून ठरवून चढवते: आधी नांदी, शेवटी भैरवी. भैरवी मधेच लागली तर ते उठून जातात, मैफल संपली म्हणून.

एक फाईल अजून अडकलेली आहे. इन्व्हर्टर येण्याआधीची, करंट गेला तेव्हा निवेदन बुडाले. गायक कोण ते बाबांनी छातीठोकपणे सांगितले. त्यांचे जुने तबलजी मित्र चहाला आले, त्यांनी तितक्याच छातीठोकपणे दुसरे नाव सांगितले. ताना मोजल्या, गुरू कोणाचे कोण ते निघाले, चहा दोनदा झाला. शेवटी बाबांनी पेटी ओढली आणि एकमत झाले ते तेवढ्यावर. कलाकाराची चौकट रिकामी आहे. टिपणीत लिहिले आहे: काळी एक.