थॉमस संथ होता का? तुम्ही विचारलंत म्हणून

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो: "जनरल जॉर्ज थॉमस चांगला होता, पण संथ होता ना?" विचारणाऱ्याला उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याच्या घाई करायला सांगणाऱ्या तारा माहीत असतात, चिकमॉगाची लढाई माहीत असते, थॉमस दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचा असून उत्तरेकडून लढला हेही माहीत असतं. तेव्हा ते सगळं सोडून देतो आणि एकदाच नीट उत्तर देतो.

आधी त्या टोपणनावाचं. 'ओल्ड स्लो ट्रॉट' (म्हातारा सावकाश दुडक्या) हे नाव रणांगणावर पडलेलं नाही. १८५०च्या दशकात थॉमस वेस्ट पॉइंटला घोडेस्वारी शिकवायचा. घोडी म्हातारी आणि पोरांना चौखूर उधळायची हौस. म्हणून तो ओरडायचा, "सावकाश दुडक्या!" घोडी वाचवायला दिलेला हुकूम त्याला जन्माचा चिकटला.

आता नॅशव्हिल. ३० नोव्हेंबर १८६४ला फ्रँकलिनच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती हूड याची सहा हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली, तरी तो थॉमस जिथे होता त्या नॅशव्हिलच्या दक्षिणेला येऊन ठाण मांडून बसला. थॉमसने हल्ला केला १५ डिसेंबरला. मधले दोन आठवडे हाच त्याच्यावरचा आरोप.

त्या दोन आठवड्यांत घोडं अडलं होतं ते अक्षरशः घोड्यांवर. जॉर्जियातून समुद्राकडे निघताना उत्तरेचा सेनापती शर्मन याने आपल्याबरोबरच्या किलपॅट्रिकच्या घोडदळ डिव्हिजनसाठी चांगली घोडी काढून घेतली होती. थॉमसच्या हाताखालच्या विल्सनच्या घोडदळाची कितीतरी माणसं त्यामुळे पायउतार होती. थॉमसचा बेत असा, की उजवीकडून मोठा वळसा घालून हूडच्या डाव्या बगलेमागे जायचं. हे पायी जमत नाही. विल्सनचे स्वार सहसा घोड्यावरून लढत नसत. घोडा पोचवण्यापुरता. पोचल्यावर चारांतला एक जण चार घोडी धरून मागे थांबणार आणि तिघं पुढे पायी लढणार. हातात स्पेन्सर बंदूक, दस्त्यातल्या नळीत सात काडतुसं. म्हणजे घोडी कमी पडली की बंदुकाच वेळेवर पोचत नाहीत.

घोडी जप्त करायची परवानगी मिळाली आणि आठवड्याभरात सुमारे ७,००० जमली. शेतांवरची, भाड्याच्या गाड्यांची. विल्सन सांगतो की सर्कशीची घोडीही सुटली नाहीत आणि टेनेसीचा लष्करी गव्हर्नर अँड्र्यू जॉन्सन याच्या बग्गीची जोडीही. पण जप्त केलेला घोडा म्हणजे घोडदळ नव्हे. नाल ठोकायचे, खोगीर मिळवायचं, गाडीला जुंपायची सवय असलेल्या जनावराला स्वार पाठीवर घ्यायला लावायचं. तिकडे व्हर्जिनियातल्या सिटी पॉइंटला बसून ग्रँट उंटावरून शेळ्या हाकत होता. ६ डिसेंबरच्या तारेत त्याने साफ कळवलं: घोड्यांची वाट पाहू नका, लगेच हल्ला करा. युद्धमंत्री स्टँटन तर म्हणाला, विल्सन तयार होईपर्यंत थांबायचं तर तोवर गेब्रियल देवदूत शेवटची तुतारी फुंकत असेल.

थॉमसने १० तारीख धरली आणि ९ला गोठणारा पाऊस सुरू झाला. जमिनीवर पडता पडता बर्फ. चढावर माणूस उभा राहीना. १२ तारखेला विल्सनचं दळ एजफील्डहून कम्बरलँड नदी ओलांडून शहराकडे आलं, तेवढ्यात घोडी घसरून पडली आणि स्वार जायबंदी झाले, शत्रू समोर नसताना. त्याच ९ तारखेला थॉमसला काढून त्याच्याच हाताखालच्या स्कोफील्डला नेमायचा हुकूम तयार झाला आणि थांबवला गेला. १३ला थॉमसची जागा घ्यायला जनरल लोगनला नॅशव्हिलकडे धाडलं. मग ग्रँट स्वतःच निघाला. १४ला बर्फ वितळला. १५ला सकाळी धुकं होतं, ते विरल्यावर थॉमस निघाला. तेव्हा लोगन नॅशव्हिलला पोचलाही नव्हता.

पहिल्या दिवशी थॉमसच्या डाव्या टोकाला त्याच्या स्टीडमनचा दिखाऊ हल्ला झाला. त्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या. खरा घाव उजवीकडे बसला आणि हूडचे पाच बुरूज पडले. हूड रात्री मागे सरकला आणि इथे त्याच्या माणसांनी एक घोडचूक केली. शाय टेकडीवरचे मोर्चे अंधारात अगदी माथ्यावर खणले. माथ्यावरून खालचा उतार दिसत नाही. मोर्चा थोडा पुढे, उतार नजरेत राहील असा हवा. परिणाम असा की १६ला थॉमसच्या सैन्यातली मॅकमिलनची ब्रिगेड चढून आली ती वरच्यांना जवळजवळ तोंडाशी आल्यावर दिसली. आणि तोवर पाठीमागे स्पेन्सरवाले पोचले होते. दोन दिवसांत सुमारे ४,५०० कैदी आणि ५३ तोफा. थॉमसची मारले गेलेली, जखमी आणि बेपत्ता मिळून ३,०६१.

झालं, निकाल लागला, असं मी पूर्वी इथेच थांबून म्हणत असे. पण ते पुरतं खरं नाही. थॉमस हूडच्या घोडदळाचा सेनापती फॉरेस्ट याच्या स्वारांचा आकडा फुगवून धरत होता. आणि हूडने डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात फॉरेस्टला बहुतेक घोडदळासह मर्फ्रीझबरोकडे पाठवलं होतं. समोर उरली फक्त चाल्मर्सची डिव्हिजन. म्हणजे बर्फ पडायच्या आधीचे दोन-तीन दिवस हवा कोरडी, फॉरेस्ट लांब, आणि पायदळ हूडच्या जवळपास दुप्पट. तेव्हा मारला असता तर? हूड मागे रेटला गेला असता, मोडला नसता, असं माझं मत. ते सिद्ध करता येत नाही.

दुसरं अधिक बोचतं. एवढ्या कष्टाने घोडी जमवली ती पाठलागासाठी. हार्पेथ आणि डक नद्यांना पूर आलेला, आणि होड्यांच्या पुलाचं सामान हुकुमातच चुकून मर्फ्रीझबरोच्या रस्त्याला लागलं. ते परत वळवून आणेपर्यंत दिवस गेले. डिसेंबरअखेर हूडचं उरलंसुरलं सैन्य टेनेसी नदीपार निघून गेलं.

थॉमसने आठवणी लिहिल्या नाहीत. १८७०च्या मार्चमध्ये एका वर्तमानपत्रात नॅशव्हिलवरून त्याच्यावर टीका आली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या कचेरीत तो उत्तर लिहायला बसला. लिहिता लिहिता त्याला झटका आला आणि २८ मार्चला तो गेला. उत्तर अर्धवट राहिलं. त्यामुळे त्या होड्यांच्या घोटाळ्याचं उत्तर अजून माझ्यासारख्यांनाच द्यावं लागतं, आणि ते मला धड देता येत नाही.